उद्याचा अंदाज, स्वतःच्या सहीनं

हवामानशास्त्राच्या पदवीला आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात विचारावं, हाच विषय का घेतलास? उत्तरं बहुतेक आकाशातलीच असतात. कुणी लहानपणी अनुभवलेलं वादळ सांगतं, कुणी ढगांचे जपून ठेवलेले फोटो दाखवतं, कुणाला पाऊस येण्याआधी वारा का फिरतो हे समजून घ्यायचं असतं. दोन वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा भेटावं. वह्या व्हेक्टर कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्सनी भरलेल्या असतात, भ्रमिलतेचं, म्हणजे हवेच्या फिरकीचं, समीकरण तोंडपाठ असतं, आणि उद्या पाऊस येईल का असं विचारलं की हात मोबाइलकडे जातो.

मला हे मनापासून खटकतं. गणिताचा भार जास्त आहे अशी माझी तक्रार मुळीच नाही. गणिताशिवाय हा विषय उभाच राहत नाही. तक्रार एवढीच, की गणितापासून आकाशापर्यंत जाणारा रस्ता मुलांना कुणी बांधून देत नाही. तो बांधण्याची एक जुनी, बिनखर्चाची आणि कष्टाची रीत आहे. विद्यार्थ्यानं रोज उद्याचा अंदाज स्वतः करायचा, तो आकड्यांत लिहायचा, खाली सही करायची आणि दुसऱ्या दिवशी तपासायचा. काही ठिकाणी हे हौशी स्पर्धेच्या रूपात चालतं. माझं म्हणणं असं की पदवीच्या किमान दोन सत्रांत ते सक्तीचं असावं, त्याला पूर्ण क्रेडिट्स असावेत, आणि ते केल्याशिवाय हवामानशास्त्राची पदवी कुणालाही मिळू नये.

आज हे म्हणणं उलट्या दिशेला पोहण्यासारखं वाटेल याची मला कल्पना आहे. २०२३ साली पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मॉडेलांवरचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. ग्राफकास्ट साऱ्या पृथ्वीचा दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत काढतं, आणि बऱ्याच कसोट्यांवर तो जगातल्या उत्तम भौतिक, म्हणजे भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवणाऱ्या, मॉडेलाच्या तोडीचा किंवा सरस ठरला. २०२५ च्या फेब्रुवारीत युरोपीय मध्यमावधी हवामान अंदाज केंद्रानं स्वतःचं अशाच प्रकारचं मॉडेल रोजच्या कामात आणलं. मग विचारलं जातं, यंत्र हे काम एका मिनिटात करत असेल तर विद्यार्थ्यानं नकाशावर समदाब रेषा ओढत दोन तास का घालवावेत? तोच वेळ त्याला प्रोग्रामिंग आणि मशीन लर्निंग शिकवण्यात का घालू नये?

प्रश्न प्रामाणिक आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबून सुरू करतो.

१९०४ साली नॉर्वेचे शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी मांडलं की हवेचा अंदाज हा यांत्रिकी आणि भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. या क्षणाची वातावरणाची अवस्था पुरेशा अचूकपणे माहीत असली आणि ती अवस्था ज्या नियमांनी बदलते ते नियम माहीत असले, की पुढची अवस्था गणितानं काढता येईल. आजची सगळी भौतिक मॉडेलं याच विचाराची लेकरं आहेत. पण ब्यर्कनेस यांच्या आयुष्यातला सर्वांत फलदायी काळ आला तो १९१७ नंतर, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये. महायुद्धामुळे बाहेरून येणारी हवामानाची माहिती तुटली होती आणि देशात अन्नाची टंचाई होती. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांसाठी रोजचे अंदाज द्यायला सुरुवात केली आणि त्यासाठी निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं उभं केलं. नकाशे काढणारी मंडळी विशीतली होती. त्या रोजच्या, दाट नकाशांवर त्यांना वाऱ्याच्या आणि तापमानाच्या ठळक सीमा दिसू लागल्या. १९१९ साली ब्यर्कनेस यांचा मुलगा याकोब यानं सरकत्या चक्रावातांच्या, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वादळांच्या, रचनेवर निबंध लिहिला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. उबदार आणि थंड हवेच्या त्या सीमांना पुढे फ्रंट हे नाव मिळालं, आणि आज जगभरचे विद्यार्थी ते पहिल्या वर्षी शिकतात.

ही हकिगत मी वारंवार सांगतो, कारण तिच्यात क्रम उलटा आहे. आधी सिद्धांत आणि मग त्याचा उपयोग, असं इथे घडलेलं नाही. उद्या शेतकऱ्याला काय सांगायचं या रोजच्या तगाद्यातून सिद्धांत निघाला. त्याच बर्गन गटातल्या टोर बर्गेरॉन यांचं उदाहरण तर याहून सुंदर आहे. १९२२ साली ऑस्लोजवळच्या टेकडीवर मुक्कामाला असताना फर वृक्षांच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर ते फिरायला जात. त्यांच्या लक्षात आलं की तापमान शून्याच्या वर असलं की धुकं झाडांमधून थेट जमिनीपर्यंत उतरतं; तेच उणे ५ ते उणे १० अंशांच्या आसपास असलं की झाडांवर हिमकण साठतात आणि खालचा रस्ता मोकळा राहतो. बर्फाचे कण आसपासच्या अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या, थेंबांमधलं बाष्प ओढून घेतात, हे त्यांनी त्यातून ओळखलं. ढगात बर्फ आणि पाणी एकत्र असताना पाऊस कसा तयार होतो, याचा आज शिकवला जाणारा खुलासा त्या फेरफटक्यापर्यंत मागे जातो. समीकरण डोक्यात असलेला माणूस डोळे उघडे ठेवून चालत होता, म्हणून ते घडलं.

रोजचा अंदाज विद्यार्थ्याला नेमकं हेच करायला लावतो. साधं उदाहरण घ्या. जमिनीजवळचं तापमान ३० अंश आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प थेंब होऊ लागतं तो, २२ अंश. दर अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर, म्हणजे आज दुपारचे कापशी ढग साधारण १००० मीटरवर तळ धरणार. हा हिशोब पुस्तकात एका ओळीत उरकतो. पण सकाळी तो लिहून ठेवला आणि दुपारी बाहेर येऊन त्या ढगांचे सपाट तळ एका पातळीत उभे राहिलेले पाहिले, की उष्मागतिकी म्हणजे काय हे हाडांत मुरतं. एखाद्या दिवशी ढग येतच नाहीत. मग का आले नाहीत हे शोधायला त्याच संध्याकाळी पुस्तक उघडावं लागतं, आणि परीक्षेच्या वाचनाला त्या वाचनाची सर येत नाही.

रोज नकाशे पाहिल्यानं आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे प्रमाणाची जाण. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेला पहिला गणिती अंदाज प्रसिद्धच आहे. २० मे १९१० या दिवसासाठी हातानं केलेल्या त्या गणितात सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलनं बदलेल असं निघालं. आपण भराभर बळावणारं वादळ म्हणतो ते चोवीस तासांत २४ हेक्टोपास्कलच्या आसपास खोल जातं. रिचर्डसन यांना उत्तर चुकलंय हे अर्थातच कळलं होतं आणि दोष सुरुवातीच्या वाऱ्यांच्या आकड्यांत आहे हेही त्यांनी लिहिलं. पुढे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी दाखवलं की सुरुवातीचे दाब आणि वारे यांचा मेळ नीट बसवला, तर त्याच पद्धतीनं बदल १ हेक्टोपास्कलच्या आसपास येतो. आज संगणकावर मॉडेल चालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर असा चुकीचा आकडा आला, तर तो १४५ इतका ढळढळीत नसेल. तो असेल ९ किंवा ११. तो खटकायला हवा असेल तर डोळ्यांखालून शेकडो खरे नकाशे गेलेले असावे लागतात.

माझ्या स्वतःच्या शिक्षणातला एक दिवस अजून आठवतो. सकाळच्या फुग्याच्या निरीक्षणात साधारण दीड किलोमीटरवर उबदार हवेचा थर होता. असा थर खालच्या हवेवर झाकणासारखा बसतो. मी तेवढं पाहून पावसाची शक्यता १० टक्के लिहिली. दुपारी गडगडाटी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी मला सगळ्यांसमोर कालचीच निरीक्षणं परत उघडायला लावली. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "यातली कोणती ओळ तू वाचलीस आणि सोडून दिलीस?" ती ओळ सापडायला मला अर्धा तास लागला. आदल्या रात्री दूरच्या एका वादळातून बाहेर पडलेली थंड हवा आमच्याकडे सरकत होती, दोन केंद्रांवर वारा फिरला होता आणि तापमान उतरलं होतं. त्या थंड हवेच्या कडेनं खालची हवा वर ढकलली आणि झाकण उघडलं. केंद्रांचे ते आकडे मी खरोखरच वाचले होते. त्यांचा आणि माझ्या १० टक्क्यांचा काही संबंध आहे, एवढंच मला सुचलं नव्हतं. संवहनावरची, म्हणजे हवा तापून वर चढण्यावरची, अनेक व्याख्यानं मी विसरलो, तो अर्धा तास विसरलो नाही.

आता मोजमापाकडे येऊ, कारण इथे विषयाचं खरं शहाणपण आहे. १८८४ साली अमेरिकेत जॉन फिन्ली यांनी टोर्नेडोचे अंदाज करून पाहिले आणि ते ९६.६ टक्के बरोबर आल्याचा दावा केला. एकूण २८०३ अंदाज, त्यातले २७०८ बरोबर. ऐकायला भव्य. लवकरच टीकाकारांनी दाखवलं की रोज डोळे मिटून "टोर्नेडो येणार नाही" असं म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. टोर्नेडो प्रत्यक्षात ५१ वेळा झाला होता, त्यातले फिन्ली यांनी २८ पकडले, आणि ७२ वेळा सांगूनही तो झाला नाही. म्हणून फिन्ली यांचं काम टाकाऊ ठरत नाही. २८ वेळा आधी सांगता आलं ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पण टक्केवारी म्हणजे कौशल्य नव्हे, हे त्या वादातून शास्त्राला उमगलं.

१९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी जे माप सुचवलं ते तर मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून पहिल्याच महिन्यात हातानं करून घेईन. पाऊस आला तर १, नाही आला तर ०. तुम्ही सांगितलेली शक्यता आणि हा आकडा यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, आणि अशा सगळ्या दिवसांची सरासरी काढायची. जितकी कमी तितकी चांगली. माझ्या त्या १० टक्क्यांचा दंड ०.८१ होता. या मापाची खुबी अशी, की ते खोटं बोलू देत नाही. समजा, तुमच्या मनात खरोखर ७० टक्के आहेत, पण ठाम दिसावं म्हणून तुम्ही १०० लिहिले. तुमचं मन बरोबर असेल तर अशा दिवसांचा तुमचा सरासरी दंड ०.३० होईल. ७० च लिहिले असते तर ०.२१. वर ढकललं तरी दंड, खाली ओढलं तरी दंड. मनात जे आहे तेच लिहिलं तर सर्वांत कमी. प्रामाणिकपणाचं असं चोख गणित मी दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात पाहिलेलं नाही. आणि हे नुसतं स्वप्न नाही. १९७० च्या दशकात अ‍ॅलन मर्फी आणि रॉबर्ट विंकलर यांनी अनुभवी अंदाजकारांचे आकडे तपासले, तेव्हा ज्या दिवशी ते ७० टक्के म्हणत त्यातल्या साधारण तितक्याच दिवशी पाऊस पडत असल्याचं दिसलं. रोज सांगणं आणि रोज उत्तर मिळणं, यातून ती शिस्त येते.

इथून पुन्हा यंत्राकडे वळतो, कारण ब्रायरचं माप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचं एक नातं आहे आणि ते वर्गात क्वचितच उलगडून दाखवलं जातं. ग्राफकास्टसारखी मॉडेलंसुद्धा आपल्या चुकांच्या आकड्यांचा वर्ग करून त्याची सरासरी कमीत कमी करायलाच शिकलेली आहेत. शक्यता सांगायची असेल तेव्हा हा निकष योग्यच असतो. पण नकाशा काढायचा असेल तेव्हा? समजा, पाच दिवसांनंतरचं वादळ इथे तरी असेल किंवा तिथून चारशे किलोमीटरवर तरी, आणि दोन्ही शक्यता सारख्याच. चूक सरासरीनं कमी ठेवणारं मॉडेल दोन्ही जागांना कवेत घेणारा पसरट, अशक्त कमी दाब दाखवेल. दोन वादळांची सरासरी मात्र वादळ नसते. असं हवामान निसर्गात कधीच येणार नाही, तरी दंडाच्या हिशोबात ते सर्वांत स्वस्त पडतं. या पहिल्या पिढीच्या मॉडेलांनी उष्णकटिबंधीय चक्रीवादळांचे मार्ग उत्तम सांगितले आणि त्यांची तीव्रता कमी दाखवली, त्यामागे हेही एक कारण आहे. यावर उपाय म्हणून अनेक वेगवेगळ्या शक्यता स्वतंत्र नकाशांत मांडणारी मॉडेलं आली. २०२४ मधलं जेनकास्ट हे त्यातलंच. तरी पडद्यावरचा सौम्य कमी दाब खराखुरा सौम्य आहे की दोन भीषण शक्यतांची बेरीज-भागाकार आहे, हे विचारण्याचं भान माणसाला लागणारच. आणि ते भान त्यालाच असेल, ज्यानं स्वतः कधी ५० टक्के लिहून दंड भरला आहे.

शिवाय ही यंत्रं शिकली कशावर? ईआरए-५ नावाच्या संचावर. त्यात जुनी निरीक्षणं भौतिक मॉडेलात मुरवून १९४० पासूनचं वातावरण तासातासानं पुन्हा उभं केलं आहे. म्हणजे यंत्राच्या पाठीमागेही फुगे सोडणारी माणसं, जहाजांवरच्या नोंदी, उपग्रह आणि ब्यर्कनेस यांची समीकरणं उभी आहेत. मशीन लर्निंग शिकवाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण एका पानावर विद्यार्थ्याचा स्वतःचा अंदाज, शेजारी भौतिक मॉडेलाचा, शेजारी यंत्राचा, आणि त्यांच्या खाली प्रत्यक्ष घडलं ते, असं शंभर दिवस ठेवल्याशिवाय त्याला ते यंत्र कळलं असं मी मानणार नाही.

एक आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. पदवी घेतलेल्यांपैकी पुष्कळ जण अंदाजकार होणारच नाहीत. कुणी हवामान बदलावर काम करेल, कुणी वीज कंपनीत, कुणी विम्यात, कुणी समुद्रावर. त्यांना रोजच्या पावसाचं काय? आपल्या भाषेत याचं उत्तर जरा अधिकच निकडीचं आहे. मराठीत उद्याचा पाऊसही "हवामान" आणि तीस वर्षांची सरासरीही "हवामान". इतर भाषांत जिथे दोन शब्द आहेत तिथे आपण एकावर भागवतो, आणि मग एका थंड आठवड्यावरून कुणी हवामान बदलच नाकारतं तेव्हा ती गफलत शब्दातच दडलेली असते. ज्यानं रोजचा अंदाज केला आहे त्याला हे दोन अर्थ वेगळे करून सांगता येतात, कारण त्याला दुसऱ्या अर्थाचा रोज उपयोग करावा लागतो. त्याचा पहिला प्रतिस्पर्धी कोण? त्या तारखेची जुनी सरासरी. तिला हरवता आलं तरच त्याच्या अंदाजाला किंमत. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालात "संभवनीय" या शब्दाला किमान ६६ टक्के असा अर्थ बांधून दिलेला आहे. ६६ टक्के म्हणजे काय वाटतं, हे ज्याला स्वतःच्या चुकांमधून ठाऊक आहे त्याच्याच हातात अशी भाषा द्यावी.

आपल्याकडे "अंदाज" हा शब्दही किती नेमका आहे! भाकीत आणि भविष्य यांच्यात ठामपणा आहे, अंदाजात माप आहे. तरी ३० टक्के सांगितलं आणि पाऊस आला की लोक म्हणतात, अंदाज चुकला. तो चुकला नसतो. ३० टक्के म्हटलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस यायलाच हवा. हे लोकांना समजावून सांगणं हे हवामानशास्त्रज्ञाचं काम आहे, आणि त्याला ते विद्यापीठातच यायला हवं. म्हणून आकड्याखाली चार ओळींचं साधं निवेदनही लिहून घ्यावं, ज्यात एकही पारिभाषिक शब्द नसेल.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती पैशांची नाही. निरीक्षणं आणि मॉडेलांचे नकाशे आज मोठ्या प्रमाणात फुकट मिळतात. अडचण शिक्षकाची आहे. हे काम शिकवायचं तर शिक्षकानं स्वतःचा अंदाजही त्याच फळ्यावर, त्याच वेळेला लिहायला हवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा दंडही तिथेच मांडायला हवा. शोधनिबंधांवर बढती मिळते. रोज सकाळी मुलांबरोबर चुकण्यावर मिळत नाही. विद्यापीठांना याबाबत गंभीर व्हायचं असेल तर या कामाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात पूर्ण धरावे लागतील, आणि ज्यांनी आयुष्य अंदाज देण्यात घालवलं अशा निवृत्त अंदाजकारांना, त्यांच्याकडे पीएचडी नसली तरी, वर्गात मानानं बोलवावं लागेल.

गुण कशाचे द्यायचे, यावर मी बराच विचार केला आहे. नुसत्या ब्रायर आकड्यावर देऊ नयेत. एका सत्रात नशिबाचा वाटा मोठा असतो. निम्मे गुण कारणांना असावेत. आधी मॉडेल न उघडता, फक्त निरीक्षणांवरून पहिला आकडा. मग मॉडेलं पाहून दुसरा. दोघांत फरक पडला तर का पडला, हे दोन वाक्यांत. दुसऱ्या दिवशी, कोणती ओळ वाचून सोडून दिली ती. पहिले तीन आठवडे गुणच नकोत. त्या दिवसांत सगळ्यांच्या वह्यांत ० आणि १०० असतात, फार तर १० आणि ९०. मग दंड साचायला लागतात, मुलं एकमेकांचे आकडे पाहू लागतात, जेवताना कालच्या वाऱ्यावर वाद घालतात. साधारण दुसऱ्या महिन्यात वहीत पहिल्यांदा ३५ दिसतो, कुठे ६० दिसतो, आणि त्याच्याखाली सही असते.